भास्कराचार्य आणि पाटणचा दानलेख

लीलावतीचें नांव निघालें कीं घटिकापात्रांत पडलेल्या मोत्याची गोष्ट आमच्याकडे हटकून सांगितली जाते. भास्कराचार्यांच्या कन्येच्या पत्रिकेंत वैधव्ययोग होता. तो टाळणारा एकच मुहूर्त पित्यानें गणितानें शोधून काढला. वेळ कळावी म्हणून पाण्यावर छिद्राचें पात्र सोडलें. मुलगी कौतुकानें वाकून पाहूं लागली तों तिच्या अंगावरील एक मोतीं पात्रांत पडलें, छिद्र बुजलें आणि मुहूर्त निघून गेला. पुढें तिचें दुःख हलकें व्हावें म्हणून पित्यानें तिच्या नांवानें गणिताचा ग्रंथ रचला, अशी ही कथा आहे. ती करुण आहे व सांगावयास सोपी आहे. परंतु भास्कराचार्यांच्या एकाही ग्रंथांत ती नाहीं. अकबर बादशहाच्या आज्ञेवरून फैजीनें १५८७ सालीं लीलावतीचें फारसी भाषांतर केलें, त्याच्या प्रस्तावनेंतून ती प्रसार पावली. म्हणजे मूळ ग्रंथ लिहिला गेल्यानंतर ४३७ वर्षांनीं. इतक्या उशिरानें पिंजऱ्यांत उभ्या राहिलेल्या साक्षीदारावर कोणतेंही न्यायालय भिस्त ठेवणार नाहीं. ज्या पुरुषानें सबंध आयुष्य हिशेबाच्या सचोटींत घालविलें, त्याची आठवण आम्ही एका हुकलेल्या मुहूर्ताच्या रूपानें जतन केली आहे, ही गोष्ट आमच्या मनाला लागते. म्हणून दंतकथा बाजूस ठेवून आणि कागदपत्र पुढें ठेवून आज या पुरुषाचें चरित्र पाहूं. त्यांतील एक कागद दगडाचा आहे, आणि तो व्यापारी वर्गानें अवश्य वाचावा असा आहे.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्यें, म्हणजे इ. स. १११४ सालीं झाला. गोत्र शांडिल्य, पित्याचें नांव महेश्वर. सह्याद्रीच्या आश्रयास असलेलें विज्जडविड हें आपलें गांव असल्याचें त्यांनीं स्वतःच सांगून ठेविलें आहे. हें विज्जडविड कोणतें, याविषयीं पंडितांत मतभेद आहेत. कोणी विजापुराकडे बोट दाखवितात, कोणी चाळीसगांवाजवळच्या पाटणाकडे. त्या वादाचा निकाल देण्याचा आमचा अधिकार नाहीं. परंतु त्यांच्या वंशाचा पक्का पुरावा ज्या एका ठिकाणीं दगडावर कोरलेला सांपडला तें पाटण होय, एवढें निश्चित आहे. उज्जयिनीच्या वेधशाळेचे ते प्रमुख होते असें अनेक पुस्तकांतून छापलेलें असतें. त्यांच्या ग्रंथांत किंवा पाटणच्या लेखांत या विधानास आधार नाहीं.

घराणें विद्वानांचें होतें. पाटणच्या लेखांत त्रिविक्रमापासून वंशावळ दिली आहे. त्या त्रिविक्रमाच्या पुत्रास भोजराजानें विद्यापति ही पदवी दिल्याचें त्यांत नमूद आहे. महेश्वर हेच भास्कराचार्यांचे गुरु. घरांतच पाठशाळा, घरांतच परीक्षक. वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, शके १०७२ मध्यें (इ. स. ११५०), त्यांनीं सिद्धांतशिरोमणि पुरा केला. त्याचे भाग चार: लीलावती म्हणजे अंकगणित व भूमिति, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. त्यावर वासनाभाष्य नांवाची टीकाही त्यांनीं स्वतःच लिहिली. वयाच्या एकुणसत्तराव्या वर्षीं, शके ११०५ मध्यें, करणकुतूहल हा पंचांगकर्त्यांच्या नित्याच्या उपयोगाचा छोटा ग्रंथ त्यांनीं रचला. राजदरबार, लढाया, प्रवास यांचा या चरित्रांत मागमूस नाहीं. तेव्हां चरित्र पाहावयाचें तें ग्रंथांतच पाहिलें पाहिजे.

लीलावती ही शाळेंतल्या मुलांस घाबरविण्याचें पुस्तक आहे अशी समजूत असेल तर ती ग्रंथ न उघडल्यामुळें झाली आहे. ती बाजारपेठेंत बसून लिहिल्यासारखी आहे. त्रैराशिक, पंचराशिक, सप्तराशिक. मालाच्या बदल्यांत माल घेतांना करावयाचा हिशेब. मुद्दल व व्याज मिसळलेल्या रकमेंतून दोन्ही वेगळीं काढणें. निरनिराळ्या कसांचें सोनें एकत्र आटविलें असतां येणारा कस. विहिरीची खोदाई, विटांची रास, लांकडाची चिराई. हे सर्व व्यवहार त्यांत आहेत. तीन व्यापारी अनुक्रमें ५१, ६८ व ८५ नाणीं घालून भागीदारी करतात आणि सर्वांचे मिळून ३०० होतात. तर प्रत्येकाच्या वांट्यास काय? उत्तर ७५, १०० व १२५. दुसऱ्या एका उदाहरणांत दरमहा दरशेंकडा पांच व्याजानें लाविलेली रक्कम वर्षाअखेर व्याजासह १००० झाली आहे. मुद्दल ६२५ व व्याज ३७५ निघतें. वर्षाला शेंकडा साठ! आचार्यांनीं हा दर हिशेबाच्या सोईसाठीं घेतला असावा. कोणा सावकारानें त्यास शास्त्राधार समजूं नये.

घोटीच्या पेठेस विशेष जवळचें प्रकरण म्हणजे राशिव्यवहार. सपाट भुईवर धान्याची रास ओतली तर तिची उंची परिघाच्या कितव्या हिश्श्याइतकी होते, हें त्यांत धान्याच्या जातीवरून दिलें आहे. जाड दाण्याची रास परिघाच्या दहाव्या हिश्श्याइतकी, बारीक दाण्याची अकराव्या हिश्श्याइतकी, आणि भातासारख्या कुसळाच्या धान्याची नवव्या हिश्श्याइतकी उंच होते. कारण उघड आहे: कुसळें एकमेकांत अडकतात व रास अधिक उभी राहते, बारीक दाणा घसरून पसरतो. मग परिघाचा षष्ठांश घेऊन त्याचा वर्ग करावा व उंचीनें गुणावें म्हणजे घनहस्तांत माप येतें. साठ हात परिघाची रास असेल तर जाड धान्य ६०० घनहस्त, भात ६६६⅔ घनहस्त, बारीक धान्य ५४५ घनहस्तांहून थोडें अधिक. ज्यानें इंद्रायणीच्या भाताचा ढीग पोत्यांत भरण्यापूर्वीं नुसत्या नजरेनें जोखला आहे त्यास या नियमाची मौज कळेल.

या नियमांत एक चूक आहे आणि ती जाणूनबुजून ठेविलेली आहे. त्यांत व्यासाच्या तिप्पट परिघ धरला आहे. तीच लीलावती दुसऱ्या ठिकाणीं परिघ व व्यास यांचें सूक्ष्म प्रमाण ३९२७ ला १२५० असें देते, म्हणजे ३.१४१६, आणि कामचलाऊ प्रमाण २२ ला ७ असें देते. सूक्ष्म प्रमाण धरलें तर राशीचें माप सुमारें शेंकडा साडेचार कमी येईल. मग आचार्यांनीं तीनच कां धरले? कारण धान्याची रास कांहीं कांतलेला शंकु नव्हे. जिच्या कडाच वांकड्यातिकड्या तिच्यासाठीं चौथ्या दशांशाचा हट्ट धरणें व्यर्थ. सूक्ष्म कोठें हवें आणि स्थूल कोठें चालतें हें ज्यास कळतें तोच खरा गणिती. (या साडेचार टक्क्यांचा लाभ विकणाऱ्यास होतो, घेणाऱ्यास नव्हे, हें आमच्या चतुर वाचकांनीं ताडलें असेलच.)

व्यस्त त्रैराशिकाचें एक उदाहरण मात्र आम्ही झांकून ठेवणार नाहीं. वय वाढतें तसें मोल उतरतें अशा वस्तूंचा तो हिशेब आहे, आणि उदाहरणांत एकीकडे बैल आहे व दुसरीकडे स्त्री आहे. सोळा वर्षांच्या स्त्रीचें मोल ३२ नाणीं, तर वीस वर्षांच्या स्त्रीचें किती? उत्तर २५ पूर्णांक ३ पंचमांश. गणित बिनचूक आहे. ज्या ग्रंथास स्त्रीचें नांव, ज्यांतील प्रश्न पुष्कळदां एका तरुण मुलीस प्रेमळ संबोधनानें विचारलेले, त्याच ग्रंथांत हें उदाहरण सहज येऊन बसतें. माणसांची खरेदीविक्री त्या काळच्या पेठेंत चाले व ती कोणास खटकत नसे, हाच याचा अर्थ. पूर्वजांचा अभिमान बाळगणाऱ्यांनीं हें पानही वाचावें. बांबू वाऱ्यानें मोडून टोंक बुंध्यापासून सोळा हातांवर टेकलें, बांबू बत्तीस हातांचा, तर तो बाराव्या हातावर मोडला, हें रम्य उदाहरण तेवढें मुलांस शिकवावयाचें आणि तें दुसरें दडवावयाचें, हा प्रकार वकिलीच्या धंद्यांत पुरावा गाळण्याचा समजला जातो.

बीजगणितांत आचार्यांची झेप अधिक उंच आहे. ज्या संख्येच्या वर्गास ६१ नीं गुणून एक मिळविला असतां पुन्हां पूर्ण वर्गच येईल अशी लहानांत लहान संख्या कोणती? प्रश्न दिसावयास पोरखेळ आहे. उत्तर २२,६१,५३,९८० हें आहे. एकेक संख्या घेऊन पाहत बसलें तर जन्म पुरणार नाहीं. आचार्यांनीं तें चक्रवाल पद्धतीनें थोड्या पायऱ्यांत काढलें. ही पद्धति त्यांच्यापूर्वीं जयदेव नांवाच्या गणित्यास ठाऊक होती. तिचा पाया त्याहूनही आधीं, सातव्या शतकांत, ब्रह्मगुप्तानें घातला होता. पांचशें वर्षांनीं, १६५७ सालीं, फर्मा या फ्रेंच गृहस्थानें युरोपांतील गणित्यांस आव्हान म्हणून ६१ चा हाच प्रश्न घातला. हा फर्मा धंद्यानें न्यायखात्यांतला होता, हें सांगतांना आम्हांस थोडा व्यवसायबंधुत्वाचा आनंद होतो. भास्कराचार्यांचें नांव त्याच्या कानावर गेलें असल्याचा पुरावा नाहीं. असे प्रश्न नेहमीं सुटतातच, याची पक्की सिद्धता अठराव्या शतकांत लाग्रांज यानें दिली. रीत आमची जुनी व सिद्धता त्यांची नवी, असा हा वांटणीचा हिशेब असून दोन्ही बाजूंनीं तो मान्य करावा.

शून्याचेंही तसेंच. शून्यानें भागिलें असतां काय येतें? ब्रह्मगुप्तानें शून्यास शून्यानें भागून शून्य म्हटलें होतें. भास्कराचार्यांनीं कोणत्याही राशीस शून्यानें भागिल्यास येणाऱ्या राशीस खहर म्हटलें. त्यांत कांहीं मिळविलें वा वजा केलें तरी ती बदलत नाहीं असें सांगितलें, व तिची तुलना अनंत परमेश्वराशीं केली. आजचें गणित शून्यानें भागाकार मुळीं मान्यच करीत नाहीं. तरी अनंत या कल्पनेस अंकांच्या रांगेंत आणून बसविण्याचा हा धीट प्रयत्न होता. धन संख्येस वर्गमूळें दोन, एक धन व एक ऋण, आणि ऋण संख्येस वर्गमूळ नाहीं, हेंही त्यांनीं स्पष्ट मांडलें.

आतां एका वादाकडे वळूं. ग्रह एका दिवसांत किती सरकतो हें मोजून त्यांचें समाधान होत नसे. या क्षणीं त्याची गति काय, असा प्रश्न त्यांनीं विचारला व त्या गतीस तात्कालिक म्हटलें. ज्येच्या अल्प वाढीचें प्रमाण कोटिज्येवर अवलंबून असतें, हा नियम त्यांनीं वापरला. मूळचे अहमदनगरचे आणि पुढें काशीच्या संस्कृत पाठशाळेंत अध्यापक झालेले बापूदेव शास्त्री यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास यावरून असें प्रतिपादिलें कीं चलनकलनाचें तत्त्व भास्कराचार्यांस अवगत होतें. १८६० सालीं स्पॉटिसवुड या इंग्रज गणित्यानें त्या दाव्याची छाननी केली. आचार्यांच्या कौशल्याचें कौतुक करूनही त्यानें दावा पुरता मान्य केला नाहीं. आमचें मत विचाराल तर दोन्ही पक्षांनीं थोडें मागें सरावें. बी येथें आहे, हें नाकारतां येत नाहीं. परंतु न्यूटन व लायब्निट्स यांनीं सतराव्या शतकांत उभारलें तें सर्व वक्रांस लागू पडणारें शास्त्र येथें नाहीं. त्या दिशेनें याहून लांबची मजल केरळांत माधव व त्याच्या शिष्यपरंपरेनें चवदाव्या ते सोळाव्या शतकांत मारली, हें आतां सर्वमान्य आहे. पृथ्वी जड पदार्थांस आपणाकडे ओढते असें गोलाध्यायांत आहे म्हणून न्यूटनचें श्रेय काढून घेण्याचा उद्योगही तसाच उतावळेपणाचा. ओढ आहे असें म्हणणें एक, आणि ती अंतराच्या वर्गाप्रमाणें कमी होते असें मांडून चंद्राच्या भ्रमणाशीं ताडून पाहणें दुसरें.

आचार्य चुकलेही. आऱ्यांत पारा भरलेलें चाक एकदां फिरविलें कीं आपोआप फिरत राहील असें त्यांनीं यंत्राध्यायांत लिहिलें आहे. असें चाक कोणासही साधलें नाहीं, साधणारही नाहीं. ग्रहणाचें कारण छाया, हें पुरतें ठाऊक असतांही राहूस ते अजिबात सोडूं शकले नाहींत. राहू त्या छायेंत शिरून चंद्रास झांकतो असा मेळ त्यांनीं घातला. ज्ञान झालें असतां लोकमताशीं तडजोड कशी करावी लागते याचें हें आठशें वर्षांपूर्वींचें उदाहरण आहे. ग्रहणांत आजही ज्यांच्या घरीं शिजलेलें अन्न टाकून देतात त्यांनीं हंसण्यापूर्वीं विचार करावा.

पण एका बाबतींत त्यांनीं तडजोड केली नाहीं. लल्ल हा पूर्वसूरि, मान्यवर ज्योतिषी. त्यानें गोलाच्या पृष्ठाचें क्षेत्रफळ काढण्याचा नियम चुकीचा दिला होता. भास्कराचार्यांनीं चूक नांव घेऊन दाखविली, परिघास व्यासानें गुणावें हा खरा नियम दिला, आणि आवळ्याच्या फोडींप्रमाणें गोलाच्या उभ्या फोडी कल्पून तो कां खरा हेंही सांगितलें. जो उपपत्ति जाणत नाहीं त्यास गणित्यांच्या सभेंत प्रतिष्ठा नाहीं, असा त्यांचा कटाक्ष होता. ज्यांच्या ग्रंथांचा उपयोग केला त्या ब्रह्मगुप्त, श्रीधर, पद्मनाभ यांचा त्यांनीं आदरानें उल्लेख केला. आणि आदर म्हणजे मान डोलावणें नव्हे हें लल्लाच्या प्रकरणीं दाखवून दिलें. दुर्दैवानें पुढें आमच्याकडे नियम राहिले व उपपत्ति गेली. कोंकणांतील नांदगांवच्या गणेश दैवज्ञानें १५४५ सालीं लीलावतीवर टीका लिहून उपपत्तीचा धागा धरून ठेविला. पण पंतोजीच्या शाळेंत पावकी, निमकी, दिडकी यांच्या घोकंपट्टीपलीकडे गाडें सहसा गेलें नाहीं. पाढे पाठ असलेला मुलगा दुकानांत चटकन हिशेब करी, हें खरें; पण तो हिशेब तसाच कां, असें विचारलें तर त्यास छडी मिळे. सुदैवानें परंपरा अगदींच तुटली नाहीं. घोटीपासून जवळच, देवळालीच्या शाळेंत १९३० ते १९६२ पर्यंत शिकविणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनीं साध्या चार अंकांच्या वजाबाकींतून ६१७४ या संख्येचा चमत्कार शोधून १९४९ सालीं तो गणित्यांपुढें ठेविला.

आतां तो दगड. मनमाड, नांदगांव यांच्या पुढें चाळीसगांव आहे. घोटीवरून जाणारी आगगाडी तेथेंच जाते. तेथून नैर्ऋत्येस डोंगराच्या पायथ्याशीं पाटण आहे, पाटणादेवीचें स्थान म्हणून भाविकांस परिचित. तेथील देवळांत डॉक्टर भाऊ दाजी लाड यांस हा शिलालेख मिळाला. १८६५ सालीं त्यांनीं लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत त्याविषयीं लिहिलें. पुढें कीलहॉर्न या जर्मन पंडितानें त्याचें संपादन केलें. भास्कराचार्यांचा पुत्र लक्ष्मीधर यास यादव राजा जैत्रपाल यानें आपल्या पदरीं पंडितांत प्रमुख केलें. लक्ष्मीधराचा पुत्र चंगदेव हा सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी झाला. या चंगदेवानें आजोबांचे व घराण्यांतील इतरांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून पाटण येथें एक मठ स्थापिला. निकुंभ वंशांतील सोइदेव हा यादवांचा मांडलिक. त्यानें शके ११२८ च्या श्रावणी पौर्णिमेस, चंद्रग्रहणाच्या वेळीं, त्या मठास दान दिलें. करणकुतूहल लिहिलें गेल्यास तेव्हां अवघीं तेवीस वर्षें झालीं होतीं.

हा लेख आम्ही एका दस्तऐवजाप्रमाणें वाचला. आरंभीं संस्कृत श्लोक: वंशवर्णन, राजस्तुति, विद्येची थोरवी. आणि शेवटीं, जेथें कोणी काय द्यावयाचें हें येतें, तेथें भाषा बदलते व मराठी सुरू होते. आमच्या भाषेच्या अतिशय जुन्या लेखांपैकीं हा एक आहे. स्तुति विद्वानांनीं वाचावयाची होती, म्हणून ती संस्कृतांत; पण अटी पाळावयाच्या होत्या त्या पेठेंतील गिऱ्हाइकांनीं, दुकानदारांनीं व तेल्यांनीं, म्हणून त्या त्यांस कळतील अशा बोलींत कोरल्या. ज्यानें पैसा द्यावयाचा त्याच्या भाषेंत करार असावा, ही दृष्टि त्या कारकुनास होती. ती पुढें कित्येक शतकें कित्येक सरकारांस नव्हती.

अटी अशा. पाटणच्या पेठेंत जो माल उघडेल त्यावर घेणाराकडून राजास मिळणारें उत्पन्न मठास द्यावें. विकणाराकडून ब्राह्मणांस जो हक्क मिळत असे तो ब्राह्मणांनीं मठास दिला. नगरानें गिऱ्हाइकामागें पांच सुपाऱ्या ठरविल्या. आणि जितके घाणे चालतील तितक्या घाण्यांमागें एकेक पळी तेल. राजानें आपला कर सोडला, ब्राह्मणांनीं आपला हक्क सोडला, तेल्यानें पळीभर तेल दिलें. आणि या सगळ्यांतून बीजगणित व गोलाध्याय यांचा पाठ चालावयाचा होता. सोइदेवामागून त्याचा भाऊ हेमाडिदेव यानेंही दान दिलें. घराण्याच्या दुसऱ्या शाखेंतील अनंतदेव, आचार्यांच्या बंधूचा नातू, हाही सिंघणाचा ज्योतिषी होता. त्याचा शके ११४४ चा लेख चाळीसगांवच्याच बाजूस बहाळ येथें आहे. म्हणजे एका पिढीच्या अवधींत गिरणेच्या खोऱ्यांत या विद्येचीं दोन ठाणीं झालीं होतीं.

तो मठ किती काळ चालला, तेथून किती शिष्य बाहेर पडले, त्यांपैकीं तेल्याचा वा वाण्याचा मुलगा एक तरी होता काय, याविषयीं दगड मुका आहे. भाऊ दाजींच्या वेळेस मठ उरला नव्हता व पेठही उरली नव्हती. आज सभोंवार गौताळ्याचें रान आहे; जेथें घाणे फिरत होते तेथें झाडी माजली आहे, आणि पळीभर तेलाची अट देवळांतल्या त्या दगडावर अजून आहे.